फायबरच्या गाडीवर पुन्हा पुन्हा येणारे रंगाचे फोड : आधी पाणी शोधा

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की माझ्या फोंड्याच्या गॅरेजात फायबर बॉडीच्या, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या चिकट द्रवात जमवून केलेल्या बॉडीच्या, जुन्या गाड्या यायला लागतात. श्रावणात, चतुर्थीच्या घाईत रंगवलेली गाडी असते. दोन महिने झाकून ठेवलेली असते. आता बॉनेटवर, दाराच्या खालच्या कडेला नाहीतर मागच्या मडगार्डवर साबुदाण्याएवढे फोड आलेले असतात. मालक दुसऱ्या-तिसऱ्यांदा पैसे घालायला तयार होऊन आलेला असतो आणि म्हणतो, "ह्यावेळी चांगला महागातला रंग मारा."

रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो. फोड आणणारी गोष्ट त्याच्या खाली बसलेली असते आणि आपल्या किनारपट्टीवर ती बहुधा पाणी असते. ते कुठून आलं हे कळल्याशिवाय मारलेला प्रत्येक नवा कोट म्हणजे त्याच फोडावर घातलेलं नवं पांघरूण. म्हणून इथे क्रम लावून तपासण्या देतो. पहिल्या तीन-चारांना एक पैसाही लागत नाही आणि अर्ध्याअधिक गाड्यांचं कारण तिथेच सापडतं.

पद्धत सगळ्या फायबर बॉडींना लागू आहे. सॅन स्टॉर्म असो, सिपानी डॉल्फिन असो, कुणाच्या संग्रहातली लोटस किंवा कॉर्व्हेट असो, की जुन्या जीपवर बसवलेली फायबरची बॉडी असो.

लक्षणं नीट ओळखा

सगळे फोड एका जातीचे नसतात. मी साधारण असे वेगळे करतो.

बारीक, मोहरीएवढे, दाट आणि पूर्ण पॅनेलभर पसरलेले. हात फिरवला तर वाळू लागल्यासारखं वाटतं.

मसुराच्या डाळीपासून एक रुपयाच्या नाण्याएवढे, विरळ, मऊ. अंगठ्याने दाबले तर दबतात. दुपारी उन्हात टम्म होतात आणि पहाटे बसतात.

एका सरळ रेषेत आलेले फोड, किंवा रंगाखालून उमटलेली उंचवट्याची रेघ.

बिजागरी, आरशाचा पाया, बंपरचा बोल्ट, अशा लोखंडाभोवती गोल आलेले. बाजूला कधी तपकिरी डाग.

सुईच्या टोकाएवढी भोकं, मध्ये खड्डा असलेली. हे फोड नव्हेत, फुटून गेलेले बुडबुडे आहेत.

आणि शेवटचं, कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा चांदणीसारख्या भेगा. त्या फोडांच्या सोबतीला येतात, पण त्यांचं कारण धक्का किंवा ताण असतं. दोन्ही दुखणी एकत्र समजून एकच औषध केलं की दोन्ही परत येतात.

तपासणी पहिली : तारखा आठवा

गाडी कधी रंगवली आणि पहिला फोड कधी दिसला, एवढंच कागदावर लिहा. रंगवल्यावर काही दिवसांत, पहिल्याच कडक उन्हात बुडबुडे आले असतील तर आत थिनर अडकला आहे. कोट जाड मारला, दोन कोटांमध्ये पुरेसा वेळ दिला नाही, वरचा थर आधी सुकला आणि खालच्या थिनरला वाट उरली नाही. असं असेल तर खाली फायबरपर्यंत खोदायची गरज बहुधा पडत नाही.

एक पावसाळा ओलांडून फोड आले असतील तर पाण्यावर संशय घ्या. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुतल्यावर रंगाचा पापुद्राच उचलला गेला असेल तर रंग खाली चिकटलेलाच नव्हता. बॉडी साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं मेण किंवा पॉलिशमधलं सिलिकॉन पुसायचं राहून गेलं होतं.

आणि रंगवण्याचा महिना जुलै किंवा ऑगस्ट असेल, तर ते ठळक लिहा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की साधारण २७ अंशांना दव धरतं. रंगवायचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम असावा लागतो. म्हणजे आपण अगदी कडेवर उभे. त्यात फवारणीच्या गनमधून पडलेला थिनर उडताना पृष्ठभाग आणखी थंड करतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण रंग ओल्या अंगावर पडलेला असतो.

तपासणी दुसरी : पहाटे आणि दुपारी बघा

पहाटे सहाला एकदा आणि दुपारी दोनला एकदा, त्याच फोडांकडे बघा. खडूने गोल करून ठेवा. दुपारी फुगून पहाटे बसणाऱ्या फोडात हवा किंवा पाणी कोंडलेलं आहे. मे महिन्यात गडद रंगाचं बॉनेट उन्हात ७० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. एवढ्या तापात कोंडलेली वाफ रंगाला वर ढकलणारच. दोन्ही वेळा सारखाच कडक राहणारा फोड जुना आणि रिकामा असतो, किंवा तो पुट्टीतच बनलेला असतो.

सोबत फोडांचा नकाशा बघा. फक्त बॉनेटच्या मधोमध असतील तर इंजिनाचा ताप. वरच्या सपाट भागांवर सगळीकडे, उभ्या भागांवर नाहीत, असं असेल तर पाणी वरून आणि बराच काळ बसलेलं आहे. आणि इथेच पुढची तपासणी येते.

तपासणी तिसरी : कव्हर काढा

एका वाक्यात सांगायचं तर गोव्यात फायबरच्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालून पावसाळा काढू नका.

मिरामारच्या एका ग्राहकाची दोन सीटची गाडी मी सलग दोन वर्षं दुरुस्त केली. काम स्वच्छ होतं, रंग टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) होता, तरी फोड आले. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या घरी गेलो. गाडी माडाखाली, वर निळी ताडपत्री गच्च बांधलेली, खाली चिऱ्यांची ओली जमीन. ताडपत्री उचलली तर आतल्या बाजूला घाम फुटल्यासारखे थेंब आणि बॉनेटवर पाण्याचं तळं. जमिनीतली ओल वर येत होती, ताडपत्रीला लागून परत गाडीवर गळत होती. जून ते सप्टेंबर ती गाडी पाण्यात बुडवल्यासारखीच होती. आम्ही छप्पर घातलं, बाजू उघड्या ठेवल्या, खाली काँक्रीट केलं. त्यानंतर तिच्यावर फोड आला नाही. दोन वर्षांच्या मजुरीपेक्षा ते छप्पर स्वस्त पडलं. मी आधीच घरी जाऊन बघायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

थोडं थांबून : फायबर पाणी पितं म्हणजे काय

पत्रा गंजतो, फायबर गंजत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पॉलिएस्टर रेझिनमधून पाण्याची वाफ हळूहळू आत जाते. आत रेझिन जमताना उरलेली, पाण्यात विरघळणारी द्रव्यं असतात. काचेचे धागे नीट न भिजल्यामुळे राहिलेल्या पोकळ्या असतात. त्या पोकळीत पाणी आणि ही द्रव्यं मिळून घट्ट द्रावण तयार होतं आणि ते बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतं. मिठातल्या तोरांची बरणी डोळ्यांसमोर आणा. मीठ कैरीतलं पाणी बाहेर ओढतं, तसंच हे द्रावण बाहेरचं पाणी आत ओढतं, दाब वाढतो आणि वरचा थर फुगतो.

हे मी गाड्यांवर शिकलो नाही. बेतीजवळच्या मालिम जेटीवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिकवलं. होड्यांच्या तळाला येणारे फोड तो वर्षानुवर्षं काढत होता. मी एकदा एक दार त्याच्याकडे घेऊन गेलो, तर त्याने नखाने फोड फोडला, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "पुता, पयलीं उदक भायर काड, मागीर रंग."

तपासणी चौथी : सुई आणि नाक

आता एक फोड फोडायचा. चष्मा घाला, कारण दाबाखालचा थेंब उडतो. बारीक सुईने कडेला टोचा.

कोरडा आणि रिकामा निघाला तर थिनर किंवा चिकटण्याचा दोष. आतला पृष्ठभाग बघा. गुळगुळीत, चकचकीत असेल तर रंगाआधी घासायचा पेपर नीट मारलेला नव्हता.

स्वच्छ, बिनवासाचं पाणी आलं तर ते रंगाच्या दोन थरांमध्ये किंवा पुट्टीत अडकलेलं आहे.

चिकट, व्हिनेगरसारखा आंबूस वास असलेला थेंब आला तर दुखणं खुद्द फायबरात आहे. लिटमस कागद लावला तर तो आम्ल दाखवतो. अशा गाडीवर वरवरचं काम करून पैसे घालवू नका.

तपकिरी पाणी आलं तर आत लोखंड गंजतंय. फायबरमध्ये बसवलेल्या पट्ट्या, नट, बिजागरीच्या पाट्या गंजून फुगतात आणि वरचं फायबर उचलतात.

तपासणी पाचवी : नाणं वाजवा

पाच रुपयांच्या नाण्याच्या कडेने पॅनेलवर इंच-इंच वाजवत जा. घट्ट फायबर टणटणीत वाजतं. आवाज बद्द झाला की तिथे थर सुटलेले आहेत किंवा जाड पुट्टी आहे. खडूने हद्द आखा. ही तपासणी महत्त्वाची, कारण गॅरेजातला रंगाची जाडी मोजणारा नेहमीचा मीटर इथे कामाचा नाही. तो खाली धातू असेल तरच वाचतो. फायबरला अल्ट्रासोनिक मीटर लागतो, आणि तो फार कमी जणांकडे असतो.

तपासणी सहावी : गाडीच्या पोटाखाली बघा

हे कुणी बघत नाही. वरून चार थर रंग आणि खालून, चाकाच्या कमानीत, उघडं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. काचेचे धागे हाताला टोचतात, म्हणजे ते उघडे आहेत. चाकाने उडवलेलं पाणी रोज त्या धाग्यांवर बसतं आणि धाग्याच्या कडेने आत झिरपतं. मागच्या मडगार्डवरच्या फोडांचं कारण मला इथे कितीतरी वेळा सापडलं आहे. समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या गाडीत त्याला खाऱ्या हवेची जोड मिळते.

उपाय स्वस्त आहे. धुवून, आठवडाभर वाळवून, हलका पेपर मारून आतून इपॉक्सीचे दोन हात. पण आधी वाळवून. ओल्या मॅटवर इपॉक्सी मारलं तर पाणी आतच राहील आणि वरच्या बाजूने रंग फोडून बाहेर येईल.

तपासणी सातवी : पेपर मारायचं पाणी कुठलं होतं?

मागच्या पेंटरला विचारा. रागावून नको, माहिती म्हणून. पुट्टीवर वॉटर पेपर मारला का? पॉलिएस्टर पुट्टीत टाल्क असतो आणि ती पाणी स्पंजसारखी धरते. पुट्टी कोरडीच घासायची. पाणी फक्त प्रायमरने पृष्ठभाग बंद झाल्यावर. आणि ते पाणी विहिरीचं होतं का? किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते वाळलं की क्षार पृष्ठभागावर उरतात, वर रंग बसतो आणि तोरांच्या बरणीचा खेळ रंगाखाली सुरू होतो. मोहरीएवढे दाट फोड, तेही हाताने घासल्याच्या पट्ट्यांत आलेले, हे त्याचंच चिन्ह.

कंप्रेसरही बघा. पावसाळ्यात टाकीतून पाणी रोज काढावं लागतं. गनमधून फक्त हवा आरशावर मारा. बारीक तुषार दिसले तर तेच तुषार रंगात गेले आहेत.

तपासणी आठवी : प्लॅस्टिकचा चौकोन

इथपर्यंत कारण नक्की झालं नसेल तर एका ठिकाणी हातभर रंग फायबरपर्यंत घासून काढा. घासताना थर मोजा. जुन्या गाडीत ड्युको (हार्डनर नसलेला, नुसता थिनर उडून सुकणारा जुना रंग), त्यावर पुट्टी, त्यावर पुन्हा ड्युको, त्यावर टू-के असे सहा-सात थर निघतात. जुन्या ड्युकोवर टू-केचा थिनर पडला की खालचा थर मऊ होऊन उचलतो. तसं असेल तर सगळे जुने थर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

उघड्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने सील करा आणि एक पूर्ण दिवस, ऊन लागेल असं ठेवा. आतून दव धरलं तर फायबर ओलं आहे. होड्यांवर वापरतात तो मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तम; सुक्या पॅनेलचा आणि संशयित पॅनेलचा आकडा शेजारी ठेवून बघा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, आणि मागे लोखंडी पट्टी असेल तर तो फसवतो.

आणि गाडी कशी बनली आहे हे जाणून घासा. लोटससारख्या साच्यात हाताने घडवलेल्या बॉडीला वर जेलकोटचा, म्हणजे धागे नसलेल्या नुसत्या रेझिनचा थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. तो जपायचा. १९५३ साली पहिल्या ३०० गाड्यांपासून फायबरची बॉडी घेऊन आलेल्या कॉर्व्हेटचे पॅनेल पुढे दोन साच्यांत दाबून बनवले गेले. त्यांना जेलकोट नाही, आणि पॅनेल एकमेकांना मागून पट्ट्या लावून चिकटवलेले असतात. सरळ रेषेतली रेघ दिसते ती ह्याच सांध्याची. तिथे पुट्टी भरत बसलात तर वर्षभरात रेघ परत उमटेल. सांधाच नीट करावा लागतो.

रंग उतरवायला केमिकल रिमूव्हर कधीही वापरू नका. पत्र्यावर चालतं म्हणून फायबरवर चालत नाही. ते रेझिनमध्ये मुरतं, रेझिन मऊ करतं आणि सहा महिन्यांनी नव्या रंगाखालून फोड होऊन बाहेर येतं. ब्लेडने किंवा ८० नंबरच्या कोरड्या पेपरने, सावकाश. घासायच्या आधी मेण-सिलिकॉन पुसून घ्या, नाहीतर पेपर तेच आत घासतो.

दुरुस्तीत सगळ्यात लांब काम वाळवण्याचं

फोड उघडायचे, कडा घट्ट फायबर लागेपर्यंत मागे घासायच्या. आंबूस फोड असतील तर गरम, स्वच्छ, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं. पाण्याचा दोष पाण्याने धुवायचा हे लोकांना विचित्र वाटतं, पण आतलं आम्ल आणि क्षार निघाले नाहीत तर कितीही वाळवा, ते पुन्हा पाणी ओढणार.

मग वाळवणं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. रात्रीची हवा कोरडी, दिवसा ऊन. सुटं होणारं पॅनेल असेल तर मी ते लटकत्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोलतो आणि आकडा भिंतीवर लिहितो. वजन उतरायचं थांबलं की पॅनेल वाळलं. कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने. ग्राहकाला हे आधीच सांगा. दिवा लावून घाई करायची तर पॅनेल हाताला सोसेल एवढंच गरम ठेवा. साधं पॉलिएस्टर ६० अंशांच्या वर मऊ पडून वाकडं होऊ शकतं. पत्र्याच्या गाड्यांच्या बेकिंग बूथमध्ये नेहमीच्या तापमानाला फायबर ढकलू नका.

वाळल्यावर खड्डे इपॉक्सी फिलरने भरा, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन कोट, डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ देऊन. मग सरफेसर, मग रंग, पातळ कोटांत. नवीन मॅट बसवलं असेल तर त्यालाही पूर्ण जमायला काही आठवडे हवेत; रेझिनमधल्या स्टायरीनचा उग्र वास येतोय तोवर रंगाचा डबा उघडू नका. शक्य असेल तर रंग फिका निवडा, उन्हात तो बराच कमी तापतो.

इथे थांबा

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क लावून घराच्या अंगणात तो फवारू नका. त्याने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर घासणं, वाळवणं तुम्ही करा आणि फवारणी बूथ असलेल्या माणसाला द्या. रेझिनच्या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टर गाठा, वाट बघू नका.

नाण्याचा बद्द आवाज तळहातापेक्षा मोठ्या भागावर येत असेल, फायबर बोटाने दाबल्यावर लवत असेल, आंबूस फोड अर्ध्या पॅनेलवर पसरले असतील, तर ते काम पेंटरचंही नाही. लॅमिनेशन करणारा, म्हणजे फायबरचे थर नव्याने चढवणारा माणूस हवा, आणि गोव्यात तो होड्यांच्या यार्डात सापडतो.

सीटबेल्टचा बोल्ट, बिजागरी, सस्पेन्शनची जागा किंवा पेट्रोलची टाकी ह्यांच्याजवळ भेग असेल किंवा तपकिरी पाणी येत असेल, तर गाडी चालवणं बंद करा. १९६३ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये केबिनभोवती फायबरखाली लोखंडी सांगाडा आहे, लोटस एलानखाली लोखंडी चॅसी आहे. तो गंज बाहेरून दिसत नाही. १९५७ च्या लोटस एलिटमध्ये तर फायबरची बॉडीच सगळा भार घेते. अशा गाडीत फोड उघडण्याआधीच जाणकाराला दाखवा.

काम पूर्ण झालेली गाडी पुढच्या जुलैत एकदा पहाटे बाहेर काढून बघा, तिरप्या उजेडात, हात फिरवून. एखादा दाणा लागला तर त्याच दिवशी सुई घ्या आणि त्याचा वास बघा.